पाकिटाची मागची बाजू: मांजरांच्या मांसप्रधान तयार खाण्याची अडीच वर्षांची पारख

फोंड्याजवळच्या आमच्या घरात दोन मांजरे आहेत. सुंगट हा तांबूस बोका पाच वर्षांचा, नसबंदी झालेला आणि पावणेपाच किलो वजनाचा. चानी ही पट्ट्यापट्ट्यांची मांजरी तीन वर्षांची आणि जेमतेम साडेतीन किलोची. गेल्या अडीच वर्षांत या दोघांसाठी मी कोरड्या खाण्याची सात आणि ओल्या खाण्याची नऊ वेगवेगळी पाकिटे आणली. त्यांपैकी काही शेवटच्या दाण्यापर्यंत संपली, काही अर्धी राहून शेजारच्या आवारातल्या भटक्या मांजरांकडे गेली आणि एक, ज्याची हकिगत पुढे येईल, माडाच्या आळ्यात पुरावे लागले. सर्वांत चांगले खाणे कोणते, एवढेच उत्तर ज्यांना हवे असेल त्यांची थोडी निराशा होईल, कारण या सगळ्या खटाटोपातून माझ्या हाती जे आले ते एखाद्या कंपनीचे नाव असण्यापेक्षा पाकीट उलटून वाचण्याची रीत अधिक आहे.

गोव्यात मांजराला काय घालायचे हा प्रश्न वर्षातले आठ-नऊ महिने कोणाला पडतच नाही. दारावर मासळीवाली येते, टोपली उतरवते आणि आपण बांगडे घेऊन आत वळलो की मागून म्हणते, "बाय, माजराक तारले व्हर," म्हणजे मांजराला तारले ने; तारले हे लहान मासे. चार तारले, बांगड्यांची डोकी, सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, साले आणि दुपारी उरलेल्या हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, कालवलेला भात, यावर इथल्या मांजरांच्या पिढ्या वाढल्या आहेत. पण १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्या आणि ट्रॉलर यांना मासेमारी बंद असते, मासळी महागते, टोपली चार-चार दिवस फिरकत नाही, आणि बंदी उठते न उठते तोच श्रावण आणि त्यामागोमाग चतुर्थी येते. आमच्या घरी श्रावणभर मासळी शिजत नाही. त्या काळात सासूबाई सुंगटाला दूधभात वाढत, तो वास घेऊन बाजूला होई आणि रात्री शेजाऱ्यांच्या कोंबड्यांवर नजर ठेवून कुंपणावर बसे. वाढलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, त्यामुळे दूधभाताचा उपयोग पोट भरण्यापेक्षा पोट बिघडवण्याकडेच जास्त होई. तयार खाण्याचे पहिले पाकीट घरात आले ते असे, श्रावणाच्या निमित्ताने. सासूबाईंनीही ते "बिस्किटां"च्या नावाखाली पडवीत ठेवू दिले.

मासळीची बाजू घेणारे अनेक जण मला भेटतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. ताज्या मासळीत उत्तम प्रथिने असतात. मात्र हुमणातली फोड धुऊन दिली तरी तिला लागलेला कांदा-लसूण जात नाही, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. काही जातींच्या कच्च्या माशांत थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते. सतत तेलकट मासळीच मिळत राहिली आणि ई जीवनसत्त्व कमी पडले, तर मांजराच्या शरीरातल्या चरबीला दाह होऊन ती पिवळी पडते व अंगाला हात लावताच मांजर ओरडते. आणि नुसते मांस किंवा नुसती काटे काढलेली मासळी यांत फॉस्फरस भरपूर पण कॅल्शियम नाममात्र असल्याने वाढत्या पिल्लांची हाडे ठिसूळ होतात. उंदीर खाणारे मांजर उंदराची हाडे, काळीज, आतडी असे सगळे खात असते. आपण देतो तो फक्त त्यातला स्नायू.

मांजराला मांस आवडते एवढे म्हणून थांबता येत नाही, त्याचे शरीरच मांसाखेरीज चालेल असे घडलेले नाही. टॉरिन हा घटक त्याला स्वतःपुरता बनवता येत नाही. गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व तयार करणे त्याला जमत नाही, ते यकृतातून किंवा मिसळलेल्या स्वरूपात आयतेच मिळावे लागते. ॲराकिडॉनिक आम्ल हे स्निग्ध आम्ल त्याला प्राणिज चरबीतूनच लागते. प्रथिनांतला आर्जिनिन हा घटक नसलेले एकच जेवण पोटात गेले तरी काही तासांत रक्तात अमोनिया वाढून मांजर अत्यवस्थ होऊ शकते, हे १९७८ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले गेले. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे विकर नाही आणि जिभेवर गोड चव ओळखणारी यंत्रणाच नाही. चतुर्थीला चानी नेवरी चाटते तेव्हा मुलांना वाटते की तिला गोड आवडते. प्रत्यक्षात ती वरच्या तुपासाठी चाटत असते, आतले सारण तिने कधी तोंडात धरलेले नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. तयार खाणे म्हटले की ते शास्त्रीयच असणार, हा समज इतिहासाला धरून नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पियॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, बाजारातले तयार खाणे खाणाऱ्या मांजरांमध्ये हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा जो आजार आढळत होता, त्यामागे टॉरिनची कमतरता होती आणि टॉरिन दिल्यावर तो बऱ्याच मांजरांत सुधारत होता. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले. पशुखाद्याची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील आफ्को या संस्थेचे आजचे किमान प्रमाण कोरड्या खाण्यात शुष्क, म्हणजे पाणी वगळून उरलेल्या, वजनाच्या ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाण्यात ०.२ टक्के आहे. ओल्याला दुप्पट, कारण डब्यात शिजवलेल्या खाण्यातले टॉरिन मांजराच्या शरीराला कमी प्रमाणात लाभते. म्हणून पाकीट हातात घेतल्यावर मी सर्वप्रथम दोन गोष्टी शोधते: टॉरिनचा उल्लेख आणि "पूर्ण व संतुलित आहार" अशा अर्थाचे वाक्य. ती नसतील तर पुढचे काहीही वाचत नाही.

त्या असतील तर मग हिशेब सुरू होतो. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर भाजलेली कोंबडी, लाल मासा आणि एखादे देखणे परदेशी मांजर असते. त्यातून काही कळत नाही. मागे बारीक अक्षरांत प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू, ओलावा आणि कधी कधी राख यांचे टक्के दिलेले असतात. राख म्हणजे जाळल्यावर उरणारी खनिजे. तिचा आकडा दिलेला नसेल तर कोरड्या खाण्यासाठी मी आठ धरते. पिष्टाचा, म्हणजे कर्बोदकांचा, आकडा बहुतेक पाकिटांवर नसतो, पण या पाचांची बेरीज शंभरातून वजा केली की तोच उरतो. व्हिस्कस, मी-ओ ही नावे आता आमच्या इथल्या किराणा दुकानांतही दिसतात आणि त्या किमतीच्या वर्गात आणखीही बरीच पाकिटे आहेत. पुढचे उदाहरण त्या वर्गाचा सर्वसाधारण नमुना आहे, कोणा एका कंपनीचे नव्हे. प्रथिने ३०, स्निग्ध १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८. बेरीज ६२. उरले ३८. ओलावा बाजूला ठेवून नुसत्या शुष्क भागाचा विचार केला तर हे प्रमाण ४२ टक्क्यांवर जाते, म्हणजे ज्या प्राण्याच्या नैसर्गिक शिकारीत पिष्ट जवळपास नसतेच, त्याच्या ताटलीत दर दहा भागांत चार भाग तांदूळ, मका किंवा गहू.

याउलट फार्मिना या इटालियन कंपनीच्या एन अँड डी प्राइम मालिकेतील कोंबडी व डाळिंब या प्रकारावर प्रथिने ४४ आणि स्निग्ध २० टक्के छापलेले असतात. तंतू, ओलावा आणि राख धरून वजाबाकी अठराच्या आसपास येते. मूळच्या कॅनडातील ओरिजेन या नावाच्या मांजरांच्या पाकिटावर ४० आणि २० असे आकडे असतात आणि तिथेही वजाबाकी विशीच्या आतच थांबते. मांसप्रधान कोरडे खाणे म्हणतात ते हे. याहून फार खाली कोरड्या दाण्याला सहसा जाता येत नाही, कारण दाणा फुगवून त्याला आकार देण्यासाठी यंत्राला थोडे पिष्ट लागतेच. शिजवलेले पिष्ट मांजराला अजिबात पचत नाही असे समजण्याचेही कारण नाही. मर्यादित प्रमाणात ते पचते. प्रश्न एवढाच आहे की किलोमागे पैसे मोजताना आपण मांसाचे मोजतो की मक्याचे.

प्रथिनांचा आकडा मोठा दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, हे मला दुसऱ्या पाकिटाने शिकवले. त्यावर प्रथिने ३४ टक्के होती आणि मी समाधानाने ते घरी आणले. रात्री चष्मा लावून घटकांची यादी वाचली तेव्हा मक्याचे ग्लुटेन, सोयाबीनची पेंड आणि वाटाण्याचे प्रथिन अशी तीन नावे ओळीने सापडली. ही वनस्पतिजन्य प्रथिनेसुद्धा त्याच ३४ मध्ये मोजली जातात. यादीचा क्रम वजनाप्रमाणे लावतात, पण ते वजन शिजवण्यापूर्वीचे असते. ताज्या कोंबडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असल्याने ती पहिल्या क्रमांकावर मिरवते आणि वाळल्यावर प्रत्यक्षात तिसरी-चौथी ठरते. त्याउलट "चिकन मील" हे ऐकायला ओबडधोबड वाटणारे नाव म्हणजे पाणी व बरीचशी चरबी काढून केलेली पूड असते आणि तिच्यात प्रथिने दाट असतात. तांदूळ, तांदळाचे पीठ, तांदळाची कणी असे एकाच धान्याचे तीन तुकडे करून यादीत विखुरले की प्रत्येक तुकडा मांसाच्या खाली बसतो. तीनही एकत्र केले तर मांसाच्या वर जातील. "धान्यविरहित" हा शब्दही मांसाची हमी देत नाही. धान्य काढून बटाटा, वाटाणा किंवा साबुदाण्याचे पिष्ट घातलेले असते, आणि वजाबाकी केली की आकडा पुन्हा तिथेच.

नावातल्या शब्दांनाही अर्थ असतो. अमेरिकेतील नियमांनुसार "चिकन कॅट फूड" असे म्हणायचे तर पाणी वगळून ९५ टक्के कोंबडी हवी, "चिकन डिनर"सारख्या नावाला २५ टक्के पुरतात, "विथ चिकन"ला ३ टक्के पुरतात आणि "चिकन फ्लेवर"ला तर नुसती चव जाणवली की झाले. आपल्या बाजारातले प्रत्येक पाकीट या नियमांनी बांधलेले नाही, तरी शब्दांची ही उतरंड ध्यानात ठेवली की दर्शनी बाजू वाचतानाही थोडे शहाणपण येते.

एका संध्याकाळी, पाऊस लागून वीज गेलेली असताना, मी एक घरगुती खेळ करून पाहिला. दोन स्टीलच्या वाट्यांत स्वस्त आणि महाग पाकिटातले पंधरा-पंधरा दाणे घालून वर कोमट पाणी ओतले. अर्ध्या तासात स्वस्त दाणे फुगून दुप्पट झाले, कडा विरघळल्या आणि वाटीत पेजेसारखे पांढुरके पाणी जमले. बोटाने दाबले तर उकड्या भाताच्या शितासारखे मऊ. महाग दाणे फुगले कमी, पाणी तपकिरी झाले आणि वर तेलाचे बारीक डोळे तरंगू लागले. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. दाणा किती फुगवला आहे यावरही हे अवलंबून असते. सुंगटाने मात्र मेणबत्तीच्या उजेडात दुसरी वाटी पाण्यासकट चाटून पुसली आणि पहिलीकडे पाठ फिरवून बसला.

मांसप्रधान वर्गातले पहिले पाकीट आणले तेव्हा माझ्याकडून दोन चुका झाल्या. जुने खाणे एका दिवसात बंद करून नवे सुरू केले. परिणामी दोघांनाही जुलाब झाले आणि चानीने दीड दिवस ताटलीला तोंड लावले नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, विशेषतः ते जाडजूड असले तर, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते, म्हणून "भूक लागली की खाईल" हा घरगुती न्याय मांजराला लावू नये. सात ते दहा दिवस थोडे थोडे मिसळत जावे. दुसरी चूक मापाची. या दाण्यांत चरबी जास्त असल्याने किलोला सुमारे ४००० किलोकॅलरी असतात, साध्या दाण्यांत ३५०० च्या आसपास. मी मात्र जुन्याच पेल्याने माप घालत राहिले आणि चार महिन्यांत सुंगट तीनशे ग्रॅमने वाढला. आता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये तोलून घालते. घरच्यांना हे फार हास्यास्पद वाटते.

आता त्या माडाच्या आळ्यातल्या पाकिटाविषयी. बाजारातल्या एका दुकानात (नाव देत नाही) मोठे पोते उघडून त्यातले दाणे सुटे, किलोवर विकले जातात. मूळ पाकीट परदेशी आणि उंची होते, सुटा भाव निम्म्याहून थोडा जास्त, म्हणून मी दोन किलो घेतले. जुलै महिना होता. घरी पिशवी उघडली तेव्हा जुन्या खोबऱ्याला येतो तसा खवट वास आला आणि दाणे चिमटीत दाबल्यावर मोडण्याऐवजी दबले. तळाशी चार-पाच किडे होते. उत्पादनाची तारीख विचारायला परत गेले तर पोत्याचा तो भाग कापून टाकलेला. ज्या खाण्यात २० टक्के चरबी आहे ते गोव्याच्या पावसाळ्यात उघडे राहिले तर ते खवट होणारच. यात मूळ कंपनीचा दोष काही नाही, पण मांसप्रधान खाण्याच्या बाबतीत सुटी खरेदी सर्वांत वाईट, हे मला तेव्हापासून पक्के पटले आहे. तेव्हापासून दीड किलोचे बंद पाकीट घेते, तारीख पाहते, दाणे डब्यात न ओतता मूळ पाकीटच दुमडून हवाबंद डब्यात ठेवते आणि पाच आठवड्यांत संपवते.

या सगळ्या हिशेबाला खरे वळण मिळाले ते गेल्या वर्षी मार्चमध्ये. सुंगट वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसे, ताण देई, दोन थेंब येत नसत, बाहेर येऊन चाटत राही आणि पुन्हा आत जाई. नर मांजराचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, हे सुदैवाने ठाऊक असल्याने आम्ही त्याच रात्री त्याला पशुवैद्यांकडे नेले. नळी घालून मार्ग मोकळा करावा लागला आणि तीन दिवस सलाइन चालले. खाण्यामुळेच हे झाले असे मी म्हणणार नाही; कारणे अनेक असतात आणि डॉक्टरांनीही एका कारणावर बोट ठेवले नाही. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो प्रथिनांचा नव्हता. त्यांनी विचारले, "हा दिवसाला पाणी किती पितो?" मला उत्तर देता आले नाही.

मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले. तहान कमी, लघवी दाट, आणि पाण्याची गरज मुख्यतः शिकारीतून भागवायची, कारण उंदराच्या शरीरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते. कोरड्या दाण्यात ते आठ-दहा टक्के असते, मग दाणा कितीही मांसाचा का असेना. कोरडे खाणारे मांजर वरून पाणी पिऊन ही तूट पूर्ण भरून काढत नाही. ओले खाणाऱ्याच्या पोटात एकूण पाणी जास्त जाते आणि लघवी पातळ राहते. अठराशे रुपयांच्या पाकिटावर मी वजाबाक्या करत बसले होते आणि त्या पाच आकड्यांपैकी ओलाव्याचा आकडा फक्त वजा करण्यापुरता वापरत होते.

ओल्या पाऊचचा हिशेब वेगळ्या रीतीने करावा लागतो. मागे प्रथिने ८ टक्के दिसतात आणि माणूस नाक मुरडतो. पण ओलावा ८५ असेल तर शुष्क भाग १५ च उरतो आणि त्यातले ८ म्हणजे निम्म्याहून जास्त. तुलना करायची ती अशी, ओलावा काढून. कर्बोदकांची वजाबाकी मात्र पाऊचवर जपून करावी. छापलेले आकडे किमान किंवा कमाल असतात, नेमके नसतात, आणि ओलावा ८५ च्या जागी ८३ निघाला तर १५ च्या हिशेबात मोठी उलथापालथ होते. दाट, चकचकीत ग्रेव्हीत पिष्ट घातलेले असते. यादीत टॅपिओका, मैदा किंवा साखर दिसली तर मी ते पाऊच ठेवून देते. जेलीतले किंवा खिम्यासारखे दाट असते ते बहुधा बरे निघते.

पाऊच आणि लहान डब्यांतला सर्वांत मोठा सापळा मात्र उलट्याच बाजूचा आहे. काही डब्यांत नुसते कोंबडीचे किंवा टुनाचे धागे, थोडे पाणी, बस. पाहताच मन प्रसन्न व्हावे इतके ते स्वच्छ मांस असते. ॲप्लॉजसारख्या नावाच्या अशा डब्यांवर कंपनी स्वतःच "पूरक आहार" असे छापते. म्हणजे त्यात खनिजे व जीवनसत्त्वे आवश्यक तेवढी घातलेली नाहीत. चवीपुरते द्यावे, त्यावर मांजर पोसू नये. मांसाचे प्रमाण सर्वांत जास्त आणि तरीही रोजच्या जेवणाला अपुरे, ही गोष्ट मासळीवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना पटायला वेळ लागतो. माझ्या नऊ प्रकारांपैकी तीन पूरक निघाले, आणि त्यांतले एक चानीला इतके आवडले की पुढचे आठ दिवस ती दुसरे काही खायला तयार नव्हती.

पैशांचा विचार केल्याशिवाय ही पारख अपुरी राहील. सुंगटाला दिवसाला सुमारे २३० किलोकॅलरी लागतात. मी दिलेल्या किमतींनुसार साधे कोरडे खाणे किलोला ३५० रुपये, मांसप्रधान कोरडे १२०० रुपये आणि ८५ ग्रॅमचे पूर्ण आहाराचे पाऊच ४५ रुपये. एका पाऊचमधून साधारण ७५ किलोकॅलरी मिळतात. नुसते साधे कोरडे घातले तर दिवसाला २३ रुपये. नुसते मांसप्रधान कोरडे, ५७ ग्रॅम, ६९ रुपये. नुसती पाऊच, तीन, १३५ रुपये. एक पाऊच आणि उरलेले मांसप्रधान कोरडे, ९२ रुपये. आणि एक पाऊच व उरलेले साधे कोरडे, ६० रुपये. हे आकडे मांडल्यावर मी स्वतःच चकित झाले. महाग दाण्यांवर ६९ रुपये खर्च करून मांजराच्या पोटात खाण्यातून जेमतेम पाच मिलिलिटर पाणी जाते. ६० रुपयांत एक बरे पाऊच आणि साधे दाणे दिले तर सत्तरहून अधिक. ज्यांना ९२ रुपये परवडतात त्यांनी तसे करावे, त्याहून चांगले मला माहीत नाही. पण ज्यांच्याकडे एकच गोष्ट सुधारण्यापुरते पैसे आहेत, त्यांनी ते आधी पाऊचवर खर्चावेत आणि दाण्यांची प्रत नंतर वाढवावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मांजर वयस्क असेल किंवा मूत्रपिंडांचा त्रास निघाला असेल तर मात्र हा सल्ला बाजूला ठेवावा. मांस आणि हाडांची पूड यांतून फॉस्फरस बराच येतो आणि अशा मांजराचे खाणे डॉक्टरांनीच ठरवावे.

ओल्या खाण्याच्या इथल्या अडचणी वेगळ्याच आहेत. मे महिन्यात उघडे पाऊच ताटलीत तासाभराहून जास्त ठेवता येत नाही आणि मुंग्या तर दहा मिनिटांत येतात. सासूबाईंनी त्यावर जुना उपाय काढला: परातीत बोटभर पाणी, मध्ये उपडी वाटी, तिच्यावर ताटली. उरलेले अर्धे पाऊच फ्रिजमध्ये झाकून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटे उभे करते, कारण फ्रिजमधले गार खाणे दोघेही नाकारतात. श्रावणात फ्रिजमध्ये पाऊच ठेवण्यावरून घरात थोडी कुरबुर झाली. आता त्यासाठी झाकणाचा वेगळा डबा आहे आणि तो खालच्या कप्प्यात, भाज्यांपासून दूर असतो.

सध्या सकाळी अर्धे पाऊच दोन चमचे कोमट पाणी घालून, दुपारी व रात्री तोललेले मांसप्रधान दाणे आणि संध्याकाळी उरलेले अर्धे पाऊच, असा सुंगटाचा क्रम आहे. चानीचे माप त्याच्या पाऊण. मासळीवाली आली की बिनमिठाचा, वाफवलेला, काटे काढलेला एखादा तारला दोघांत, आठवड्यातून दोनदा. सुंगटाला मार्चनंतर पुन्हा नळी लागलेली नाही. जूनच्या आधी घ्यायची म्हणून नव्या पाकिटांची पाहणी चालू आहे. एकावर प्रथिने ४२ आणि स्निग्ध १८ आहेत, मांसाची नावे यादीत वरच्या तीन जागी आहेत, पण राखेचा आणि फॉस्फरसचा आकडा कुठेच नाही. कंपनीला विचारून दहा दिवस झाले. उत्तर येईपर्यंत मी राख आठ धरली आहे आणि पाकीट दुकानातच ठेवले आहे.